मिडसाइझ पिकअप कशा बदलल्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेक्सास, मिशिगन, कॅलिफोर्नियातले मराठी लोक पिकअप घ्यायच्या आधी जे प्रश्न पाठवतात, आणि पुण्या-नाशिककडून टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉस या पिकअपबद्दल जे विचारलं जातं, ते सगळं इथे एकत्र केलं आहे. गाडीचा हा प्रकार मुख्यतः अमेरिकेत घडला, त्यामुळे बरीचशी उत्तरं तिथली आहेत. भारताशी संबंधित प्रश्न शेवटाकडे आहेत.

१. मिडसाइझ पिकअप म्हणजे नेमक्या कोणत्या गाड्या? एफ-१५० त्यात येते का?

नाही. फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हराडो, रॅम १५०० या फुल-साइझ गाड्या. त्यांच्या एक पायरी खाली मिडसाइझ: टोयोटा टॅकोमा, फोर्ड रेंजर, शेव्हरोले कोलोरॅडो, तिच्याच सांगाड्यावरची जीएमसी कॅनियन, निसान फ्रंटियर, जीप ग्लॅडिएटर आणि होंडा रिजलाइन. रिजलाइन सोडली तर बाकी सगळ्या वेगळ्या चासीवर उभ्या आहेत, म्हणजे खाली लोखंडी सांगाडा आणि त्यावर केबिन व हौदा स्वतंत्र बसवलेला. रिजलाइनची बांधणी कारसारखी एकसंध आहे. फोर्ड मॅव्हरिक आणि ह्युंदाई सांताक्रूझ या आणखी एक पायरी खालच्या, त्यांच्याबद्दल प्रश्न १२ पाहा.

२. पूर्वीच्या रेंजर, एस-१० किती आटोपशीर होत्या! त्या साइझच्या गाड्या गेल्या कुठे?

वाढत वाढत त्याच मिडसाइझ झाल्या. १९७० च्या दशकात अमेरिकेत छोटी पिकअप म्हणजे जपानी पिकअप. डॅटसन आणि टोयोटा स्वतःच्या नावाने विकत होत्या. फोर्डची कुरियर प्रत्यक्षात माझदाने बनवलेली होती आणि शेव्हरोलेची लव्ह इसुझूने. मग अमेरिकी कंपन्यांनी स्वतःच्या छोट्या पिकअप आणल्या, १९८२ च्या मॉडेल-वर्षात शेव्हरोले एस-१० आणि १९८३ च्या मॉडेल-वर्षात फोर्ड रेंजर. १९८७ ला डॉजने डकोटा आणली. ती या छोट्या गाड्यांपेक्षा मोठी आणि फुल-साइझपेक्षा लहान होती. मधला गट खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाला.

फरक किती पडला ते लांबीवरून कळतं. १९९५ ची पहिली टॅकोमा साध्या दोन दारांच्या रूपात सुमारे १७५ इंच लांब होती. २०२४ ची चार दारांची, छोट्या हौद्याची टॅकोमा सुमारे २१३ इंच आहे. तीन फुटांहून जास्त वाढ झाली, आणि गंमत म्हणजे त्यातलं हौद्याच्या वाट्याला काहीच आलं नाही. हौदा उलट कमी झाला. का, ते प्रश्न ४ मध्ये.

३. हा ‘चिकन टॅक्स’ काय प्रकार आहे? कोंबडीचा आणि पिकअपचा काय संबंध?

संबंध व्यापारी भांडणाचा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम जर्मनी, फ्रान्स वगैरे देशांनी अमेरिकेतून येणाऱ्या स्वस्त कोंबडीवर जबर शुल्क लावलं. त्याला उत्तर म्हणून राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १९६३ च्या डिसेंबरमध्ये बटाट्याचा स्टार्च, ब्रँडी, डेक्स्ट्रिन आणि हलके ट्रक यांच्यावर २५ टक्के आयात शुल्क जाहीर केलं. ते १९६४ पासून लागू झालं. बाकीच्या वस्तूंवरचं पुढे उठलं, ट्रकवरचं आजही आहे.

यातून सुटायच्या वाटाही निघाल्या. जपानी कंपन्या हौद्याविना नुसती चासी आणि केबिन आणायच्या, कारण त्यावर शुल्क फार कमी होतं, आणि हौदा अमेरिकेत जोडायच्या. १९८० मध्ये ती पळवाट बंद झाली. सुबारूने ब्रॅट नावाच्या छोट्या पिकअपच्या हौद्यात मागे तोंड करून दोन प्लास्टिकच्या खुर्च्याच बसवल्या, म्हणजे कागदोपत्री ती प्रवासी गाडी ठरली.

आजच्या ग्राहकाला याचा फटका असा, की थायलंड किंवा दक्षिण आफ्रिकेत बनणाऱ्या चांगल्या, स्वस्त मिडसाइझ पिकअप अमेरिकेत येतच नाहीत. ज्या येतात त्या तिथेच बनतात किंवा मेक्सिकोत. टॅकोमा मेक्सिकोत बनते, कारण उत्तर अमेरिकेच्या व्यापार करारामुळे तिला या शुल्कातून सूट मिळत आली. २०२५ मध्ये वाहनांवर आणखी वेगळी शुल्कं आल्यावर ते गणितही पूर्वीइतकं सरळ राहिलेलं नाही.

४. केबिन एवढी मोठी आणि हौदा एवढा छोटा का झाला? मला सहा फुटांचा हौदा हवा तर मिळतच नाही.

सगळ्यात जास्त पत्रं या एका विषयावर येतात, आणि या गाड्यांमधला सगळ्यात मोठा बदलही हाच आहे.

पन्नास वर्षांपूर्वी छोटी पिकअप ही घरातली दुसरी किंवा तिसरी गाडी असायची. सुतार, माळी, शेतकरी किंवा कॉलेजचा पोरगा ती चालवायचा. दोन दारं, एक सलग बाक, मागे सहा-सात फुटांचा हौदा. मग लोकांना सीटमागे थोडी जागा हवी झाली, हत्यारांची पेटी आणि पावसात भिजू नये असं सामान ठेवायला. डॅटसनने १९७७ मध्ये किंग कॅब काढून ती दिली. नंतर त्या जागेत आडव्या घडीच्या खुर्च्या आल्या. १९९८ मध्ये रेंजरला मागे अर्धी दारं मिळाली, पण त्या पिढीच्या रेंजरला अमेरिकेत शेवटपर्यंत चार पूर्ण दारं कधी मिळाली नाहीत. ती उडी निसानने मारली. २००० च्या मॉडेल-वर्षाची फ्रंटियर क्रू कॅब ही अमेरिकेतली पहिली चार पूर्ण दारांची छोटी पिकअप. लगेच २००० ची डकोटा क्वाड कॅब आणि २००१ ची टॅकोमा डबल कॅब आली.

चार दारं मिळताच पिकअप घरातली एकमेव गाडी होऊ शकली. सोमवारी ऑफिस, शनिवारी मुलांचा सॉकर, रविवारी लाकूड आणायला दुकान. एकाच गाडीचा हप्ता भरायचा तर ती सगळ्या कामांना पुरायला हवी. मागची सीट गरजेची झाल्यावर तिला पायाला जागा, टेकायला उतार, एसीचे झरोके, चार्जिंगचे पॉइंट असं सगळं लागलं. एकूण लांबी गॅरेजच्या पलीकडे नेता येत नाही, म्हणून हौद्यातून एक फूट गेला.

आता काय मिळतं ते पाहा. साधी दोन दारांची टॅकोमा २०१४ नंतर बंद झाली. २०२३ च्या कोलोरॅडोत चार दारं आणि सव्वापाच फुटांच्या जवळचा हौदा एवढा एकच पर्याय आहे. अमेरिकेत २०२४ ची नवी रेंजर फक्त चार दारं आणि पाच फुटांच्या हौद्यासह आली. सहा फूट हवेच असतील तर टॅकोमा किंवा फ्रंटियरकडे वळावं लागतं. नव्या टॅकोमाच्या एक्स्ट्रा कॅबमध्ये मागची सीट काढून कुलपाची कपाटं दिली आहेत आणि मागे सहा फुटांचा हौदा. एकट्याने काम करणाऱ्या माणसासाठी मला ही मांडणी आवडते. १९७७ मध्ये लोकांनी जे मागितलं होतं नेमकं तेच ती देते.

५. पण हे खरंच ग्राहकांनी मागितलं, की कंपन्यांनी आपल्या फायद्यासाठी लादलं?

दोन्ही. आणि तिसरा हात सरकारी नियमांचा.

ग्राहकांचा भाग खरा आहे. दोन्ही रूपं शोरूममध्ये शेजारी उभी असताना लोकांनी चार दारांची उचलली. कुणी बंदूक लावली नव्हती.

कंपन्यांचा भागही तितकाच खरा. चार दारांच्या, चामडी सीटच्या गाडीत नफा जास्त. दोन दारांची साधी गाडी मुख्यतः कंपन्यांचे ताफे घेतात, तेही घासाघीस करून. मागणी कमी झाली की कारखाना ती आवृत्ती वगळतो, मग ज्याला ती हवी होती त्याची मागणी आकड्यांत कधी दिसतच नाही. लोकांना साधी गाडी नको असते हे विधान म्हणूनच मला पूर्ण पटत नाही. जी गाडी विकायलाच नाही, तिला किती गिऱ्हाईक आहे हे मोजणार कसं?

नियमांचं असं. २०११-१२ च्या मॉडेल-वर्षांपासून अमेरिकेत गाडीने किती इंधन-बचत गाठायची हे तिच्या चार चाकांमधल्या क्षेत्रफळावरून ठरायला लागलं. चाकं जितकी लांब-रुंद पसरलेली, तितकं लक्ष्य सैल. छोट्या पिकअपला लक्ष्य कडक आणि मोठीला सोपं. हवेला अडवणारा चौकोनी आकार, वजन वाहायला जाड सांगाडा, वर कडक लक्ष्य, असं असताना जुन्या रेंजरएवढी गाडी काढणं कुठल्याही इंजिनिअरला जड जाणार. त्यात सुरक्षेचे नियम आले, दारं-खांब जाड झाले, एअरबॅगा वाढल्या. गाडी फुगली ती या सगळ्यामुळे.

६. मधे काही वर्षं या गाड्या जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. बंद का झाल्या आणि परत का आल्या?

२०११ मध्ये डकोटा संपली. त्याच डिसेंबरात सेंट पॉल, मिनेसोटा इथला रेंजरचा कारखाना बंद झाला, २०१२ मध्ये पहिली कोलोरॅडोही गेली. कारण पैशाचं होतं. फुल-साइझ पिकअपवर घसघशीत सवलती मिळत, तिचं नवं व्ही६ (सहा सिलिंडरचं) इंजिन जवळपास तेवढंच अॅव्हरेज देई. मग थोडेसे पैसे वाचवायला लहान आणि जुनाट गाडी कोण घेणार? जुनाट म्हणजे खरंच जुनाट. कंपन्यांनी वर्षानुवर्षं त्यात पैसे घातले नव्हते.

दरम्यान फुल-साइझ इतकी उंच, रुंद आणि महाग झाली की शहरात राहणाऱ्याला ती गॅरेजात मावेना. टॅकोमा मात्र खपत राहिली आणि जुन्या टॅकोमाला सेकंडहँड बाजारात चढे भाव मिळत राहिले. ते पाहून जनरल मोटर्सने २०१५ च्या मॉडेल-वर्षात नवी कोलोरॅडो आणली, २०१९ मध्ये रेंजर परतली, पाठोपाठ २०२० ची ग्लॅडिएटर आली.

७. व्ही६ इंजिन काढून चार सिलिंडरचं टर्बो दिलंय. ते टिकेल का?

आधी काय बदललं ते. मागच्या टॅकोमाचं ३.५ लिटर व्ही६ २७८ अश्वशक्तीचं होतं. नवं २.४ लिटर टर्बोही २७८ अश्वशक्तीचंच आहे, पण ओढ (टॉर्क) २६५ वरून ३१७ पौंड-फुटांवर गेली आणि ती कमी वेगालाच मिळते. घाटात, ट्रेलर मागे असताना फरक जाणवतो. हायब्रिड आवृत्तीत हे आकडे ३२६ आणि ४६५ आहेत. ती हायब्रिड मुख्यतः ताकदीसाठी आहे. प्रियससारख्या अॅव्हरेजची अपेक्षा ठेवून घेऊ नका.

कोलोरॅडोतही आता २.७ लिटरचं चार सिलिंडर टर्बो आहे. साधं, टर्बोविना व्ही६ हवंच असेल तर फ्रंटियरमध्ये ३.८ लिटरचं ३१० अश्वशक्तीचं आहे, रिजलाइनमध्ये ३.५ लिटरचं आणि ग्लॅडिएटरमध्ये ३.६ लिटरचं.

टिकण्याबद्दल माझं मत असं: टर्बोला वेळेवर ऑइल हवं, एवढी शिस्त असेल तर घाबरायचं कारण नाही. पंधरा वर्षं गाडी ठेवायची आणि देखभाल घरीच करायची असा बेत असेल तर मी फ्रंटियर बघेन.

८. अमेरिकेत डिझेल मिडसाइझ का मिळत नाही? भारतात तर सगळ्या डिझेलच्या.

मिळत होत्या. २०१६ ते २०२२ कोलोरॅडो-कॅनियनमध्ये २.८ लिटरचं डिझेल होतं आणि २०२१ ते २०२३ ग्लॅडिएटरमध्ये ३ लिटरचं. आता एकही नाही. तिथे डिझेल पेट्रोलपेक्षा महाग मिळतं, उत्सर्जनाची यंत्रणा खर्चिक आहे आणि इंजिनापोटी काही हजार डॉलर जादा मोजावे लागायचे. जो जड ट्रेलर रोज ओढतो तो फुल-साइझ घेतो, बाकीच्यांचा हिशोब बसला नाही.

९. चालवायला कारसारखी झाली म्हणतात. मागचे पाटे गेले का?

काहींचे गेले. पिकअपच्या मागे परंपरेने पाटे (लीफ स्प्रिंग) असतात, कारण ते स्वस्त, दणकट आणि वजनाला पक्के. हौदा रिकामा असताना मात्र गाडी उसळते, आणि बहुतेक लोकांचा हौदा बहुतेक वेळा रिकामाच असतो. म्हणून नव्या टॅकोमाच्या बहुतेक डबल कॅब आवृत्त्यांत मागे कॉइल स्प्रिंग आले. एक्स्ट्रा कॅब आणि सगळ्यात खालच्या आवृत्तीत पाटे ठेवले आहेत. ग्लॅडिएटरलाही मागे कॉइल आहे. रेंजर, कोलोरॅडो आणि फ्रंटियर पाट्यांवरच आहेत, फक्त रेंजर रॅप्टरला मागे कॉइल मिळतं. रिजलाइनला मागे दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, त्यामुळे आरामात ती सगळ्यांच्या पुढे.

मागे बसणारी वयस्क माणसं असतील तर कॉइल किंवा रिजलाइन. हौद्यात नेहमी वजन असेल तर पाटे.

१०. हौदा छोटा झाला, पण त्यात सुधारणा काय झाल्या? प्लायवूडची शीट मावते का?

सुधारणा भरपूर, आणि त्यातल्या काही लोकांच्या सवयी बघून केलेल्या. रेंजरचं उदाहरण घ्या. लोक हौद्यात चढताना मागच्या टायरवर पाय देतात हे फोर्डच्या लोकांनी पाहिलं. चिखलाचा टायर, पाय घसरतो. म्हणून नव्या रेंजरमध्ये मागच्या चाकाच्या लगेच मागे हौद्याच्या बाजूलाच पायरी केली आहे. फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं झाकण, उघडून लोक त्यावर लाकूड कापतात, तर फाळक्यावर मोजपट्टीच्या खुणा आणि शिकंजा अडकवायला खाचा दिल्या. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर पूर्वीपेक्षा ५० मिलिमीटरने वाढवलं.

या शेवटच्या बदलाचा प्लायवूडशी थेट संबंध आहे. शीट ४ बाय ८ फुटांची, म्हणजे ४८ इंच रुंद. मिडसाइझच्या हौद्यात चाकांवरच्या फुगवट्यांमधलं अंतर पूर्वी साधारण ४४-४५ इंच असायचं, त्यामुळे शीट फुगवट्यांवर टेकवून तरंगती ठेवावी लागे. नव्या रेंजरमध्ये ते ४८ इंचांच्या किंचित वर आहे, शीट सपाट तळाला बसते. लांबीला मात्र आठ फुटांची शीट पाच फुटांच्या हौद्याबाहेर येणारच. फाळका उघडा ठेवा, पट्टे नीट आवळा, मागे लाल फडकं बांधा.

बाकीच्यांत, रिजलाइनच्या हौद्याच्या तळाखाली कुलूपबंद डिकी आहे. तिला पाणी काढायचं बूच आहे, म्हणून सहलीला लोक ती बर्फाने भरतात. तिचा फाळका खाली पडतो तसा दारासारखा बाजूलाही उघडतो. टॅकोमाचा हौदा २००५ पासून फायबर घातलेल्या संमिश्र पदार्थाचा आहे, गंजत नाही. टॅकोमा हायब्रिडच्या काही आवृत्त्यांत हौद्यात २,४०० वॅटचं वीजकनेक्शन मिळतं, बांधकामावर करवत चालते.

११. जाहिरातीत ७,५०० पौंड ओढते म्हणतात. मग माझा ५,००० पौंडांचा ट्रेलर आरामात जाईल ना?

जाईलच असं नाही. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून सविस्तर.

ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या खांबावर पिवळी-पांढरी पाटी असते. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून वजन अमुक किलो किंवा अमुक पौंडांच्या वर जाता कामा नये. हा आकडा तुमच्या त्याच गाडीचा असतो. सनरूफ, चारचाकी ड्राइव्ह, मोठी चाकं, हायब्रिड बॅटरी असं जे जे वाढवाल ते त्यातून वजा होऊन आलेलं असतं. त्यामुळे सगळ्यात महागड्या आवृत्तीची वजन वाहायची क्षमता बरेचदा सगळ्यात कमी निघते.

आता हिशोब. समजा पाटीवर १,२०० पौंड आहे, म्हणजे सुमारे ५४५ किलो. गाडीत आई-वडील, तुम्ही, बायको आणि एक मूल, धरा ७०० पौंड. उरले ५००. ट्रेलर ५,००० पौंडांचा असेल तर त्याच्या वजनातला १० ते १५ टक्के भार गाडीच्या मागच्या हुकवर येतो, म्हणजे ५०० ते ७५० पौंड. हौद्यात अजून एक पिशवीही ठेवलेली नाही आणि मर्यादा संपली. इंजिन ओढेल, पण मागचे टायर, ब्रेक आणि स्टिअरिंग त्यांच्या हद्दीबाहेर काम करत असतील.

शोरूममध्ये गेलात की किमतीच्या पाटीआधी ही पाटी वाचा. एकाच मॉडेलच्या शेजारी उभ्या दोन गाड्यांत दोन-तीनशे पौंडांचा फरक सापडू शकतो.

कंपन्यांचे कमाल आकडे: कोलोरॅडो आणि ग्लॅडिएटर ७,७००, रेंजर ७,५००, टॅकोमा ६,५००, रिजलाइन ५,०००. हे योग्य आवृत्ती आणि टोइंगचं पॅकेज असेल तरच.

१२. मिडसाइझऐवजी मॅव्हरिक घेतली तर?

शहरात राहणाऱ्या आणि महिन्यातून एकदा माती, फर्निचर किंवा सायकली नेणाऱ्या कुटुंबाला मी आधी मॅव्हरिकच बघायला सांगतो. २०२२ च्या मॉडेल-वर्षात ती १९,९९५ डॉलरपासून सुरू झाली, आणि हायब्रिड हेच मूळ इंजिन होतं. शहरात गॅलनला ४० मैलांच्या वर अॅव्हरेज देणारी पिकअप लोकांना इतकी हवी होती की पहिल्या वर्षी मागणीपुढे कारखाना कमी पडला. आता किंमत बरीच चढली आहे. सुरुवातीला हायब्रिडला चारचाकी ड्राइव्ह नव्हती, २०२५ पासून मिळते.

हौदा साडेचार फूट. लांबी सुमारे २०० इंच, म्हणजे ‘छोटी’ म्हणून विकली जाणारी ही गाडी पहिल्या टॅकोमापेक्षा दोन फुटांनी लांब आहे.

१३. मागच्या सीटवर लहान बाळाची कारसीट बसते का?

बसते, पण दोन गोष्टी आधी तपासा. मागे तोंड करून बसवायची सीट उताराने मोठी जागा घेते, तिच्यासाठी पुढची सीट सरकवावी लागते. पुढे उंच माणूस बसत असेल तर त्याचे गुडघे डॅशबोर्डला लागतील. दुसरं, कारसीटचा वरचा पट्टा. पिकअपमध्ये सीटच्या मागे लगेच भिंत असते, त्यामुळे काही गाड्यांत हा पट्टा डोक्याच्या टेकूमागच्या कापडी फासातून घालून शेजारच्या जागेच्या फासात अडकवायचा असतो. गाडीच्या पुस्तकात चित्र असतं, ते पाहूनच करा. स्वतःची कारसीट शोरूमला घेऊन जा आणि तिथेच बसवून बघा, विक्रेता नाही म्हणत नाही. या गटात मागची सीट सगळ्यात ऐसपैस रिजलाइनची.

१४. टॅकोमाची टीआरडी प्रो, कोलोरॅडोची झेडआर२, रेंजरची रॅप्टर: एवढ्या महागड्या ऑफ-रोड आवृत्त्या कोण घेतं?

खूप लोक, म्हणूनच दर वर्षी नवी निघते. रेंजर रॅप्टरला ४०५ अश्वशक्तीचं व्ही६ आहे. वाळवंटात, दगडांत खरंच फिरायचं असेल तर हे सस्पेन्शन बाहेरून बसवून घेण्यापेक्षा कारखान्याचं बरं, वॉरंटी राहते. नुसती दिसायला हवी असेल तर लक्षात ठेवा की या आवृत्त्या वजन कमी वाहतात (प्रश्न ११), टायर महाग आणि पेट्रोल जास्त पितात.

१५. साधी, दोन दारांची, स्वस्त पिकअप जगात कुठेच उरली नाही का?

उरली आहे, फक्त अमेरिकेच्या शोरूममध्ये नाही. थायलंडमध्ये टोयोटाने नोव्हेंबर २०२३ मध्ये हायलक्स चॅम्प आणली, ४,५९,००० बाहतपासून. सपाट हौदा, सरळ पत्रे, बोल्टसाठी आधीच पाडलेली भोकं, म्हणजे ज्याला दूधगाडी करायची तो दूधगाडी करेल, ज्याला खाद्यपदार्थांची गाडी तो ती. भारतात बोलेरो पिकअप हेच काम करते. आपल्याकडे गावात भाजीपाल्यापासून वऱ्हाडापर्यंत ती काय काय वाहते ते सांगायला नको.

अमेरिकेत स्लेट नावाच्या नव्या कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये दोन सीटची विजेवरची पिकअप दाखवली, हाताने फिरवायच्या काचा आणि बाहेरून रंगाविना प्लास्टिक. ऑगस्ट २०२५ मध्ये फोर्डनेही सुमारे ३०,००० डॉलरच्या चार दारांच्या विजेवरच्या मिडसाइझ पिकअपची घोषणा केली, ती २०२७ मध्ये येणार आहे. घोषणेतली किंमत आणि हातात येणारी किंमत यांत अंतर पडतं, मॅव्हरिकचं वर पाहिलंच.

१६. अमेरिकेबाहेरही ग्राहकांनीच पिकअप बदलली का?

ऑस्ट्रेलियात तर सुरुवातच तशी झाली. १९३० च्या दशकात व्हिक्टोरिया राज्यातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्डला पत्र लिहिलं, असं सांगतात: रविवारी चर्चला जाताना कपडे ओले होऊ नयेत आणि सोमवारी त्याच गाडीतून डुकरं बाजारात नेता यावीत, अशी गाडी द्या. जिलाँगच्या कारखान्यात लुईस बँड्ट या तरुण डिझायनरने कारची केबिन आणि मागे हौदा एकत्र करून १९३४ मध्ये ‘यूट’ तयार केली. एका गाडीत दोन आयुष्यं, ही मागणी तेव्हापासूनची आहे.

१७. भारतात हायलक्स किंवा व्ही-क्रॉस खासगी गाडी म्हणून घेता येते का? पासिंगला अडचण येते का?

घेता येते. इसुझू व्ही-क्रॉस २०१६ पासून आहे, आंध्रातल्या श्री सिटीत बनते. टोयोटा हायलक्स जानेवारी २०२२ मध्ये आली, फॉर्च्युनरच्याच कुळातली, २.८ लिटर डिझेल, २०४ अश्वशक्ती. दोन्ही पाच सीटच्या आणि पांढऱ्या पाटीवर फिरणाऱ्या. इसुझूची एस-कॅब आणि बोलेरो पिकअप मालवाहू म्हणून पिवळ्या पाटीवर जातात. अडचण तिथे येते जिथे लोक मालवाहू आवृत्ती स्वस्त म्हणून घेतात आणि मग ती खासगी करायला बघतात. ते होईल असं गृहीत धरू नका. पैसे भरायच्या आधी विक्रेत्याकडून पासिंग कोणत्या प्रकारात होणार हे लिहून घ्या आणि आपल्या आरटीओत विचारा.

महाराष्ट्राचा या गाड्यांशी जुना संबंध आहे. टाटा मोबाईल ही पिकअप १९८८ मध्ये पुण्यात बनली आणि तिच्याच पायावर १९९१ ची सिएरा उभी राहिली. मुंबईच्या महिंद्रने स्कॉर्पिओवरची पिकअप अमेरिकेत डिझेलवर विकायचा बेत केला होता. २०१० मध्ये उत्सर्जनाचं प्रमाणपत्रही मिळालं, पण तिथल्या वितरकाशी वाद कोर्टात गेला आणि गाडी शोरूमला पोचली नाही. तो काळ नेमका रेंजर आणि डकोटा बंद होण्याच्या तोंडावरचा (प्रश्न ६). महिंद्रची पिकअप तिथे पोचली असती तर तिला मोकळं मैदान मिळालं असतं, याची मला आजही हळहळ वाटते. दक्षिण आफ्रिकेत मात्र महिंद्रच्या पिकअप चांगल्या रुळल्या आहेत, आणि १५ ऑगस्ट २०२३ ला केपटाऊनमध्ये स्कॉर्पिओ-एनवर आधारलेली पिकअप संकल्पना म्हणून दाखवली गेली.

१८. अमेरिकेत माझा छोटा धंदा आहे. पिकअप घेतली तर सगळी किंमत पहिल्याच वर्षी खर्चात टाकता येते असं ऐकलं. मिडसाइझला ते लागू आहे का?

अर्धवट खरं, आणि इथे हौद्याची लांबी पुन्हा आडवी येते. अमेरिकेच्या आयकर कायद्यातल्या कलम १७९ खाली ही वजावट मिळायला गाडीचं माणसं-मालासकट कमाल वजन ६,००० पौंडांच्या वर हवं आणि वापर निम्म्याहून जास्त धंद्यासाठी हवा. मिडसाइझच्या काही आवृत्त्या या रेषेच्या जरा वर आहेत, काही खाली. दाराच्या खांबावर जीव्हीडब्ल्यूआरचा, म्हणजे या कमाल वजनाचा, आकडा पाहा.

रेषेच्या वर असली तरी हौदा आतून सहा फुटांपेक्षा कमी असेल तर एसयूव्हीला असलेली मर्यादा तिलाही लागते, २०२४ साठी ती ३०,५०० डॉलर होती. सहा फुटांचा स्वतंत्र हौदा असेल तर ही मर्यादा नाही. म्हणजे एकाच टॅकोमाच्या दोन हौद्यांना दोन वेगळे नियम. याखेरीज इतर घसारा-वजावटीही असतात, त्यामुळे गाडी ठरवण्याआधी आपल्या सीपीएला (तिथल्या हिशेबतपासनीस-करसल्लागाराला) हौद्याची लांबी आणि जीव्हीडब्ल्यूआर हे दोन्ही आकडे सांगून विचारा.

१९. भारतातली किंवा थायलंडची हायलक्स अमेरिकेत नेता येईल का?

नवी नाही. अमेरिकेचे सुरक्षेचे आणि उत्सर्जनाचे नियम तिला लागू होतात आणि ती त्यांसाठी बनलेलीच नाही. २५ वर्षांपेक्षा जुनी गाडी सुरक्षा नियमांतून सुटते, उत्सर्जनाची सूट २१ वर्षांनंतर. म्हणून तिथे हौशी लोक जुन्या डिझेल हायलक्स आणतात. पण वय कितीही असो, मालवाहू गाडी म्हणून २५ टक्के चिकन टॅक्स (प्रश्न ३) तिच्यावर लागतोच. राज्याचे पासिंगचे नियम वेगळे, ते आधी पाहा.

उलट्या दिशेने, म्हणजे परत भारतात येताना आपली टॅकोमा आणायची, असंही काही जण विचारतात. तिचं स्टिअरिंग डावीकडे आहे आणि अशा गाडीचं भारतात सर्वसाधारण पासिंग होत नाही. ती तिथेच विकून या. जुन्या टॅकोमाला तिथे भाव चांगला येतो.